एमएस आहे, एमआरआय स्टेबल आहे, तरी अकरा वाजताच दम का संपतो? वडगावच्या ताईंना सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात परत सांगते. तुम्ही बेळगावात वडगावला राहता, खानापूरच्या बाजूला मराठी शाळेत शिकवता, बसनं जाऊन येऊन करता. दोन वर्षांपूर्वी मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते तो आजार) निघालं, त्यासाठी दर रविवारी रात्री इंटरफेरॉनचं इंजेक्शन घेता, पाय आखडतात म्हणून बॅक्लोफेन चालू आहे, आणि नुकताच केलेला एमआरआय स्टेबल आला. तरी अकरा वाजले की अंगातलं बळ जातं, फळ्यावर लिहायला हात उचलवत नाही, मुलांनी काय विचारलं ते डोक्यात शिरत नाही. सासूबाई म्हणतात चालतेस-फिरतेस मग कसला आजार, जाऊबाई म्हणतात गहू सोड, शेजारचे म्हणतात व्यायाम अजिबात करू नको. आणि तुम्ही विचारलंय की खाण्यापिण्यात, राहणीमानात काय बदलू म्हणजे हा थकवा जाईल, नाहीतर नोकरी सोडू का.

मी न्यूरो फिजिओथेरपी करते, बेळगावातच, आणि एमएसचे पेशंट बरीच वर्षं बघतेय. औषधं ठरवणं माझं काम नाही, ते तुमच्या न्यूरोलॉजिस्टचं. पण थकव्याचा प्रश्न घेऊन पेशंट जास्त करून आमच्याकडेच येतात, कारण डॉक्टरांकडे दहा मिनिटांत एमआरआय आणि इंजेक्शन यावरच बोलणं संपतं आणि थकव्याचं सांगायचं राहूनच जातं.

आधी सासूबाईंचा मुद्दा घेते, कारण तो मनाला लागतो हे मला माहीत आहे. एमएस असलेल्या चार माणसांतल्या साधारण तिघांना तरी हा थकवा असतो, आणि त्यातल्या कितीतरी जणांना आजाराचा सगळ्यात त्रासदायक भाग कोणता विचारलं तर ते हाच सांगतात. हातपाय चालतात म्हणजे थकवा नसणार असं अजिबात नाही. नसांवरचं मायलिनचं आवरण जिथं खराब झालंय तिथनं संदेश सावकाश जातो, कधी अडतो, आणि तेच साधं काम करायला मेंदूला जास्त जागा, जास्त जोर लावावा लागतो. म्हणून तुम्ही जेवढं काम करता तेवढंच दुसरी बाई करते पण तुमची शक्ती जास्त खर्च होते. एमआरआय स्टेबल म्हणजे आजाराचे नवीन डाग आले नाहीत, चांगलीच गोष्ट आहे ती, पण जुन्या डागांचा खर्च चालूच असतो. सासूबाईंना हे सांगायचं असेल तर तुम्ही एकट्या सांगू नका, पुढच्या वेळी डॉक्टरांकडे त्यांना बरोबर न्या. आमच्याकडे मी मुद्दाम घरातल्या एका मोठ्या माणसाला आत बोलावते, कारण सूनबाईनं दहा वेळा सांगितलेलं पटत नाही आणि तेच डॉक्टरांच्या तोंडून एकदा ऐकलं की घरातलं वातावरण बदलतं, हे मी खूपदा बघितलंय.

आता खरा प्रश्न. काय खाऊ आणि काय सोडू हे तुम्ही विचारलंय, पण मी तिथनं सुरुवात करणार नाही. एमएसचा थकवा एकाच कारणाचा क्वचित असतो. एक भाग आजाराचा स्वतःचा असतो, तो आपल्या हातात फार नाही. पण त्याच्यावर झोप, लघवीचा त्रास, गरमी, गोळ्यांची गुंगी, रक्त कमी असणं, थायरॉईड, मन उदास असणं, आणि न हलल्यामुळे स्नायू ढिले पडणं असे बाकीचे थर चढतात, आणि त्यातले बरेचसे काढता येतात. कुणाचा कुठला थर मोठा हे माणसागणिक वेगळं असतं म्हणून एकीला लागू पडलेलं दुसरीला पडेलच असं नाही. आधी तुमचे थर शोधायचे आणि मग बदल करायचे, तेही एका वेळी एकच, नाहीतर कशानं फरक पडला ते कळतच नाही.

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी जाता जाता एक वाक्य आहे, "रात्री तीनदा लघवीला उठते त्यामुळे झोप मोडते पण ते चालायचंच." माझ्या मते तुमच्या अख्ख्या प्रश्नात हीच ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. रोज रात्री तीन तुकड्यांत झोपणारी माणसं एमएस नसतानाही दिवसा मरगळलेली असतात. एमएसमध्ये ब्लॅडरच्या नसांवर परिणाम होऊन घाई लागते, किंवा लघवी पूर्ण होत नाही आणि थोडी आतच राहते, आणि दोन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत. म्हणून आधी लघवीची साधी टेस्ट करा, इन्फेक्शन असेल तर तेवढ्यानंच थकवा दुप्पट होतो आणि कधी कधी जळजळ वगैरे काही जाणवतही नाही. मग डॉक्टरांना सांगून लघवी केल्यावर आत किती उरते त्याची सोनोग्राफी करून घ्या, पाच मिनिटांचं काम असतं. आणि अजून एक, शाळेतल्या बायका बहुतेक काय करतात ते मला माहीत आहे, शाळेत बाथरूमची सोय धड नसते म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत आणि घरी आल्यावर तहान भागवतात. उलटं करा. सकाळपासून संध्याकाळी पाच-सहापर्यंत घोट घोट पाणी प्यायचं, आठनंतर कमी करायचं, रात्रीचा चहा बंद. कमी पाणी प्यायल्यानं इन्फेक्शन वाढतं, पोट साफ होत नाही आणि दुपारी डोकं जड होतं, ते पण थकव्यातच मिसळतं.

झोपेच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी बघा. रात्री पाय आखडून जाग येते का, किंवा अंथरुणावर पडल्यावर पाय हलवल्याशिवाय राहवत नाही असं होतं का. हा दुसरा प्रकार एमएसमध्ये बराच आढळतो आणि अंगात लोह कमी असेल तर वाढतो, म्हणून हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, बघायला सांगा. आखडत असेल तर झोपायच्या आधी भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, प्रत्येक पाय अर्धा मिनिट, तीन-चार वेळा. आणि घोरता का ते घरच्यांना विचारा. जोरात घोरणं आणि सकाळी उठल्यावर डोकं जड असेल तर त्याची वेगळी तपासणी असते.

आता औषधं. बॅक्लोफेननं गुंगी येते, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, टिझानिडिन यांनीही येते. तुम्ही सकाळी साडेसातला गोळी घेऊन बस पकडता आणि अकराला दम संपतो, यात गोळीचा हिस्सा किती हे बघायला पाहिजे. पण ताई, हात जोडून सांगते, बॅक्लोफेन मनानं एकदम बंद करायची नाही, अचानक बंद केली तर फिट येण्यापर्यंत त्रास होऊ शकतो. डॉक्टर वेळ बदलतात, डोस हळूहळू कमी-जास्त करतात. इंजेक्शनचंही तसंच आहे, तुम्ही रविवारी रात्री घेता आणि लिहिलंय की सोमवार सगळ्यात वाईट जातो. इंटरफेरॉननंतर ताप आल्यासारखं, अंग मोडून आल्यासारखं होतं ते दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतं, आणि तुमचा दुसरा दिवस म्हणजे आठवड्याचा पहिला शाळेचा दिवस. शनिवारी सकाळची शाळा असते, शनिवारी संध्याकाळी इंजेक्शन घेतलं तर रविवार घरी मिळेल. दिवस कसा सरकवायचा आणि आधी पॅरासिटामॉल घ्यायची का हे न्यूरोलॉजिस्टना फोन करून विचारा. माझ्याकडच्या दोघी-तिघींचा एवढ्या एका बदलानं आठवड्यातला एक अख्खा दिवस परत मिळालाय.

रक्ताच्या टेस्टमध्ये हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी ट्वेल्व्ह, थायरॉईड, शुगर आणि व्हिटॅमिन डी एवढं झालेलं असावं. शाकाहारी घरात बी ट्वेल्व्ह कमी निघणं आपल्याकडे नेहमीचंच. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबमध्ये आणि डॉक्टरांना सांगा, जास्त डोसचं बायोटिन थायरॉईडचा रिपोर्ट चुकवतं. आणि व्हिटॅमिन डीचे ६०,००० युनिटचे साशे असतात ते आठवड्यातनं एक असे, ठरलेले आठवडेच घ्यायचे असतात, रोज नाही. रोज घेऊन कॅल्शियम वाढून उलट्या आणि जास्तच थकवा होऊन आलेली माणसं बघितलीत.

पुढचा थर गरमीचा, आणि आपल्या भागात याच्याकडे लोक लक्षच देत नाहीत. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणत असले तरी मार्च ते मे, वळीव पडेपर्यंत दुपारी काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, आणि गरमी फक्त उन्हाची नसते. शरीराचं आतलं तापमान अर्ध्या डिग्रीनं वाढलं तरी खराब झालेल्या नसांतनं संदेश जाणं मंदावतं. विल्हेल्म उथॉफ नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरांनी १८९० मध्ये हे नोंदवलं, त्यांच्या पेशंटना श्रम केल्यावर थोडा वेळ दिसायला कमी व्हायचं आणि मग परत पहिल्यासारखं व्हायचं. एमआरआय यायच्या आधी तर पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवून एमएस आहे का ते बघायचे. माझ्याकडे खानापूरकडच्या एक वैनी यायच्या, त्यांची तक्रार अशी की फक्त शुक्रवारी पाय जातात. विचारत विचारत गेलं तेव्हा कळलं की शुक्रवारी डोक्यावरनं अंघोळ, तीही बंबातल्या कडकडीत पाण्यानं, बंद न्हाणीघरात, आणि लगेच ओल्या केसांनी चुलीपुढं. पाणी कोमट केलं, बसायला प्लास्टिकचा स्टूल दिला, चूल एक तासानं पुढं ढकलली, शुक्रवार सुधारला. गरमीनं आलेली अशक्तता तात्पुरती असते, त्यानं नसांचं नवीन नुकसान होत नाही, अंग थंड झालं की जाते, म्हणून घाबरायचं नाही पण टाळायची.

तुमच्या सकाळचं बघूया. पाचला उठून आठ जणांच्या भाकऱ्या, उभं राहून, असं लिहिलंय. भाकरी म्हणजे काय नुसता स्वयंपाक नव्हे, गरम पाण्यात पीठ मळायचं, थापायचं, तवा तापलेला, तोंडावर धग, आणि सगळं उभ्यानं, वर खिडकी बंद कारण गॅस विझतो. एवढं झाल्यावर अंघोळ, डबे, मग बसमध्ये गर्दीत उभं राहून प्रवास. शाळा सुरू व्हायच्या आधीच तुमची अर्ध्याहून जास्त शक्ती संपलेली असते, अकरा वाजता जे होतं त्याची सुरुवात पाच वाजता आहे. इथं मी पेशंटना सांगते की आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही तेव्हा टाकीतलं पाणी आपण कसं पुरवून वापरतो, पहिल्याच दिवशी अंगण धुवून टाकी रिकामी करत नाही, तसा हिशोब ठेवायचा. म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं, तर आठवड्यातले तीन-चार दिवस कडक भाकरी विकत आणा, आपल्याकडे गल्लोगल्ली मिळतात आणि टिकतात. बाकीच्या दिवशी उंच स्टूलवर बसून करा, टेबल फॅन पाठीमागनं सोडा म्हणजे ज्योतीवर येत नाही, मानेवर ओला नॅपकिन ठेवा. भाजी रात्री बसून निवडून-चिरून ठेवायची, आणि हे काम तुमचंच असलं पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही, मिस्टर आणि मुलंही चिरू शकतात. बसमध्ये शक्ती योजनेमुळं, म्हणजे कर्नाटकात बायकांना बस फुकट झाल्यामुळं, गर्दी वाढलीय हे खरं, पण सुरुवातीच्या स्टँडवर जाऊन बसायला जागा मिळते ती बस पकडा, वीस मिनिटं लवकर निघावं लागलं तरी परवडतं.

आणि विश्रांती थकल्यावर नाही, थकायच्या आधी घ्यायची. हे पटायला सगळ्यात अवघड जातं, विशेषतः आपल्या बायकांना, कारण काम शिल्लक असताना बसणं म्हणजे आळस असं लहानपणापासून डोक्यात बसलंय. अकराला दम संपतो ना, मग सव्वादहाला दहा मिनिटं खुर्चीत डोळे मिटून, मोबाईल न बघता बसायचं. हेडमास्तरांना सांगून जड विषय, गणित वगैरे, पहिल्या दोन तासांत घ्या, चित्रकला किंवा वाचन नंतर. दुपारी घरी असाल तेव्हा वीस-तीस मिनिटं झोप चालेल, तीनच्या आत, त्याहून जास्त नको नाहीतर रात्रीची झोप जाते. शक्ती पुरवून वापरायचं हे तंत्र परदेशात सहा आठवड्यांच्या कोर्ससारखं शिकवतात आणि त्याचा उपयोग होतो हे अभ्यासांत दिसलंय.

आता व्यायाम. शेजारच्यांचं म्हणणं जुन्या काळी डॉक्टरही सांगायचे, एमएस आहे तर दमू नका, पडून राहा. आता बरोबर उलटं सांगतात. पडून राहिल्यानं स्नायू आणि हृदयाची ताकद कमी होते आणि मग जिना चढायला पण दुप्पट शक्ती लागते. हलका-मध्यम त्रास असलेल्या मोठ्या माणसांसाठी २०१३ मध्ये आलेली शिफारस अशी आहे की आठवड्यातनं दोनदा अर्धा तास मध्यम गतीचा चालण्या-सायकलीसारखा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा. पण ते पोचायचं ठिकाण आहे, सुरुवात नाही. तुम्ही सुरुवात पाच मिनिटं चालणं, दोन मिनिटं बसणं, परत पाच मिनिटं, अशी करा, सकाळी किंवा सूर्य मावळल्यावर. तिलकवाडीत व्हॅक्सिन डेपोला झाडांची सावली आहे आणि बसायला मिळतं, पण तिथपर्यंत जायलाच दमत असाल तर घराची गच्ची बरी. निघायच्या आधी ग्लासभर गार पाणी प्यायचं. ताकदीसाठी खुर्चीतनं हात न टेकता उठणं-बसणं, आठ वेळा, थांबून परत आठ वेळा. तोल जात असेल तर भिंतीजवळ. किती करायचं याची माझी खूण साधी आहे. व्यायामानंतरचा थकवा तास-दोन तासांत पहिल्यासारखा झाला तर बरोबर आहे, दुसऱ्या दिवशीही अंग उठत नसेल तर निम्मं करा, पण बंद करू नका. पहिले दोन-तीन आठवडे थकवा थोडा वाढल्यासारखा वाटेल आणि इथंच बहुतेक जण सोडतात. निदान आठ आठवडे तरी द्या. घाम येईल एवढ्या गरम हॉलमध्ये योगा-झुंबा नको, बाकी योगासनं, प्राणायाम चालतील.

आहाराचं आता सांगते आणि थोडक्यातच सांगते. एमएसचा थकवा घालवणारा एक ठरावीक आहार असा सिद्ध झालेला नाही. गव्हाची तपासणीत सिद्ध झालेली ॲलर्जी किंवा सीलिएक (गव्हामुळं आतड्याला इजा होते तो आजार) नसेल तर गहू सोडून काही मिळणार नाही, शिवाय तुमच्या घरात ज्वारी आहेच. दुपारी भाताचा ढीग कमी करून डाळ, उसळ, दही, ताक वाढवा, म्हणजे जेवणानंतरची सुस्ती कमी होते. कडक उपवास, त्यातही पाण्याशिवायचे, सध्या नको. एकादशीला फळं-दूध घेतलं तर देव रागावणार नाही. सकाळी एक कप कॉफी-चहा चालेल, दुपारी तीननंतर नको. पण एक गोष्ट कळकळीनं सांगते, इम्युनिटी वाढवणारे काढे आणि चूर्णं घेऊ नका. एमएसमध्ये प्रतिकारशक्तीच स्वतःच्या नसांवर हल्ला करत असते, ती वाढवून काय करणार, आणि कोविडच्या काळात गुळवेलीनं लिव्हरला इजा झाल्याचे पेशंट मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवलेत. इंटरफेरॉनमुळं तुमच्या लिव्हरवर आधीच लक्ष ठेवावं लागतं. आणि घरात कुणी सिगरेट-बिडी ओढत असेल तर घराबाहेर. धुरानं एमएसचा धोका वाढतो, आणि आजार असलेल्यांनी ओढली तर तो लवकर पुढं सरकतो.

थकव्याची गोळी मागणारे पण बरेच असतात. अमांटाडिन, मोडाफिनिल आणि मिथाइलफेनिडेट या तिन्ही औषधांची अमेरिकेत १४१ पेशंटवर चाचणी झाली, २०२१ मध्ये निकाल आला, नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा तिन्ही सरस ठरली नाहीत आणि त्रास मात्र जास्त झाले. एखाद्याला डॉक्टर विचार करून देतातही, पण आधी ती गोळी आणि मग झोप असा क्रम नको.

मनाचं तुम्ही काहीच लिहिलं नाही म्हणून विचारते. सकाळी उठावंसं वाटत नाही, आवडीचं काही करावंसं वाटत नाही, विनाकारण रडू येतं, असं होतं का? एमएस असलेल्या जवळजवळ निम्म्या लोकांना कधी ना कधी डिप्रेशन येतं, आणि त्याचा थकवा एमएसच्या थकव्यासारखाच दिसतो. त्याला उपचार आहेत, लाजायचं काही नाही. वाईट विचार मनात येत असतील तर उद्यावर टाकू नका, घरात एकाला सांगा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.

नोकरी आत्ता सोडू नका. आधी वरचे बदल दोन-तीन महिने करून बघा. मल्टिपल स्क्लेरोसिस हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये आहे, टक्केवारी तपासणीवर ठरते, यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, बदलीच्या आणि कामातल्या सवलतीच्या वेळी ते उपयोगी पडू शकतं. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून आहे, पुणे, मुंबई आणि बेंगळूरुला शाखा आहेत, तिथं मराठी बोलणारी, याच अवस्थेतनं गेलेली माणसं भेटतात, फोनवरसुद्धा.

आजपासून एक वही करा. रोज चार वेळा, सकाळी उठल्यावर, अकराला, चारला आणि रात्री, थकवा शून्य ते दहा लिहायचा, शेजारी रात्री किती वेळा उठलात, गोळी किती वाजता घेतली, त्या आधीच्या तासात काय केलं. डॉक्टरांना ही वही दाखवली की त्यांचंही काम सोपं होतं. ताप आला, किंवा नजर, हात, पाय, तोल यात काही नवीन बिघाड होऊन तो २४ तासांहून जास्त टिकला तर त्याला थकवा समजून घरी बसू नका, लगेच न्यूरोलॉजिस्टना कळवा. दोन आठवडे भरले की वहीत काय दिसलं ते इथं लिहा, पुढचं सांगते. लघवीची टेस्ट मात्र त्याची वाट न बघता याच आठवड्यात करून घ्या.